कमी उजेडात घरच्या गणपतीचे फोटो : आयएसओ, फ्लॅश आणि ते दाणे

माटवीखालचा

नमस्कार मंडळी. दोन वर्षं वाचनमात्र होतो. पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

कॅमेरा निकॉन डी५६००, त्याच्याबरोबर आलेलीच १८-५५ लेन्स. दिवसा, समुद्रावर, शेतात फोटो झकास येतात. घोडं अडतं ते गणपतीत. आमचं घर कुडाळजवळ, जुनं कौलारू. गणपतीच्या खोलीत वर माटवी (फळं-पानं टांगायची लाकडी चौकट), भिंतींना फिका हिरवा रंग, एक ट्यूब आणि मखराला एलईडीच्या माळा. गेल्या वर्षी आरतीचे सव्वादोनशे फोटो काढले, त्यातले दाखवण्याजोगे नऊ. बाकीच्यांची प्रतवारी अशी :

काही काळोखे. ते लॅपटॉपवर उजळले तर बाबांच्या चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखे दाणे. काही हललेले. फ्लॅश मारलेल्यांत गणपतीचं कपाळ पांढरंफट्ट, मुकुटावर चकाकी आणि मागे सगळे नातेवाईक काळोखात बुडालेले.

यंदा काय करू? नवीन कॅमेरा घ्या हे उत्तर सोडून काहीही चालेल.

फुगडी

फ्लॅश बंद. आयएसओ ऑटो. विषय संपला.

उजेडवाला काका

विषय इतक्यात संपत नसतो हो फुगडीताई. :)

माटवीखालचा, आधी एका बिघडलेल्या फोटोची माहिती द्या. दाणे आलेल्या फोटोचं शटर (उजेड किती वेळ आत घेतला), अॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं; एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं), आयएसओ (मिळालेला उजेड किती वाढवून दाखवला) काय होतं? आणि फोटो रॉ (सेन्सरची कच्ची नोंद) होता की जेपेग (कॅमेऱ्याने तयार करून दिलेला)?

माटवीखालचा

काका, शटर १/६०, एफ ५.६, आयएसओ ४००, जेपेग. लेन्स ५५ वर, म्हणजे पूर्ण झूमवर होती. आयएसओ ४०० वर मुद्दाम रोखून धरला होता. एका व्हिडिओत सांगितलं होतं की ४०० च्या पुढे गेलात की दाणे आलेच.

बिट्स_आणि_भाकरी

सापडला चोर. त्या व्हिडिओनेच तुमचे दाणे वाढवले.

गणित मांडतो. एका ट्यूबच्या खोलीत एफ ५.६ आणि १/६० ठेवलंत तर बरोबर उजेडाचा फोटो यायला साधारण आयएसओ ६४०० लागतो. तुम्ही दिलात ४००, म्हणजे सोळा पट कमी. फोटो काळोखा आला आणि मग तुम्ही लॅपटॉपवर तो सोळा पट ओढलात. आयएसओ न वाढवून जे टाळायचं होतं तेच नंतर हाताने केलंत, आणि वाईट रीतीने केलंत. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला जेमतेम २५६ पायऱ्या असतात. काळोख्या भागाच्या वाट्याला त्यातल्या थोड्याच येतात. त्या ताणल्या की दाणे तर दिसतातच, शिवाय भिंतीवर रंगांचे पट्टे पडतात.

आता मूळ मुद्दा. दाणे आयएसओच्या आकड्यातून जन्मत नाहीत, उजेडाच्या टंचाईतून जन्मतात. मे महिन्याच्या शेवटी कोरड्या खळ्यात पहिली सर येते ती आठवा. सुरुवातीला इथे चार थेंब, तिथे दोन, मधेच कोरडं. सगळं खळं ठिपक्याठिपक्यांचं दिसतं. पाच मिनिटं कोसळला की सगळीकडे सारखं ओलं. सेन्सरवर प्रकाशकण असेच पडतात. एका ठिकाणी सरासरी १०० पडणार असतील तर त्यात १० चा वरखाली फरक आपसूक असतो, म्हणजे १० टक्के. १०,००० पडले तर फरक १०० चा, म्हणजे १ टक्का. तो फरक म्हणजेच दाणे. आयएसओ फक्त आवाज मोठा करतो. उजेड आणतात ते शटर, अॅपर्चर आणि प्रत्यक्ष दिवा. तिघांचंही जमेल तितकं करून झालं की उरलेली तूट आयएसओने भरायची, आणि ती भरताना घाबरायचं नाही.

फुगडी

म्हणजे मी म्हणाले तेच ना. आयएसओ ऑटो.

बिट्स_आणि_भाकरी

अर्धं तेच. ऑटोमध्ये दुसरी गोम आहे, ती काका सांगतील.

आडदांड_आडनाव

बिट्सभाऊ, थोडी दुरुस्ती. रॉ काढला तर या सेन्सरवर कमी आयएसओचा काळोखा फोटो नंतर उजळणं आणि मुळात जास्त आयएसओने काढणं यात फार फरक पडत नाही. मी स्वतः करून बघितलंय. त्यामुळे 'वाईट रीतीने' हे जेपेगपुरतं.

बिट्स_आणि_भाकरी

मान्य, रॉला तेवढी सूट. पण मागच्या पडद्यावर सगळं काळं दिसत असताना बाबांचे डोळे मिटलेत की उघडे, हे आरती चालू असताना कसं कळणार? मी तरी जागेवरच उजळ काढतो.

उजेडवाला काका

लग्नाच्या फोटोंमध्ये पस्तीस वर्षं घालवली. त्यातली निम्मी रोलवर. त्या काळी ४०० चा रोल भरला की छत्तीस फोटो संपेपर्यंत ४००. तुम्हाला दर फोटोला रोल बदलता येतो आणि तुम्ही तो बदलत नाही, याचं मला नवल वाटतं.

ऑटोची गोम अशी. समोर गणपती आहे, भिंत आहे की बाबांचा सदरा, हे कॅमेऱ्याला कळत नाही. सगळं मिळून मध्यम करडं यावं एवढंच तो बघतो. तुमच्या खोलीत अंधारे कोपरे जास्त आले की तो म्हणतो काळोख आहे, वाढवा. गणपतीचं कपाळ गेलं. तुम्ही जरा सरकलात, एलईडीची माळ मधोमध आली, की तो म्हणतो उजेड फार झाला, कमी करा. बाबा काळे. खोली तीच, ट्यूब तीच आणि दर फोटोला वेगळा हिशेब.

ट्यूब काही हलत नाही. मग आकडे तरी का हलवायचे? डायल एम वर (मॅन्युअल, सगळे आकडे आपल्या हातात) आणा, ऑटो आयएसओ बंद. आरतीच्या आधी तासभर घरच्या कोणालातरी गणपतीसमोर उभं करा आणि चेहरा नीट येईपर्यंत आकडे जुळवा. जुळले की त्यांना हात लावायचा नाही.

आणि झूम करू नका. तुमची लेन्स १८ वर एफ ३.५ पर्यंत उघडते, ५५ वर ५.६ च्या वर नाही. म्हणजे १८ वर अडीच पट उजेड आत येतो, फुकट. ५५ लावून उंबऱ्यात उभं राहण्यापेक्षा १८ ते २४ लावून पुढे व्हा. फक्त फार जवळ जाऊ नका. कडेला उभ्या माणसाचं डोकं भोपळ्यासारखं ताणलं जातं. त्यात आत्या असल्या तर वर्षभर ऐकावं लागेल.

बाबल

आमच्याकडे माटवीखाली उजेडच खंय असता? त्यात ता कॅमेरेवालो मधी उभो रवलो की गणपतीय दिसणा नाय. पयलो स्टूल घेवन बाजूक बस.

उजेडवाला काका

बाबलशी शंभर टक्के सहमत. अर्धी फोटोग्राफी म्हणजे कुठे बसायचं ते.

माटवीखालचा

बापरे, एका रात्रीत एवढे प्रतिसाद!

काल प्रयोग केला. गणपती नसल्यामुळे आजीला बसवलं. ती तशीही फुलवाती वळत बसली होती. लेन्स १८ वर, एफ ३.५, शटर १/६०, आयएसओ २५००. फोटो पहिल्याच फटक्यात उजळ! १०० टक्के मोठा करून पाहिला तर दाणे आहेत, पण बारीक, मीठ भुरभुरल्यासारखे. गेल्या वर्षीसारखे रंगीत डाग नाहीत. आजीच्या बोटांना लागलेले कापसाचे तंतूसुद्धा दिसतायत. तोच फोटो आयएसओ ४०० ने जेपेग काढून उजळला, तर तंतू गायब आणि पातळाचे काठ चॉकलेटी चिखल.

पण दहातले चार फोटो हललेले. लेन्सला व्हीआर (हाताचा कंप सावरणारी सोय) आहे, तरीही?

बिट्स_आणि_भाकरी

व्हीआर तुमचा हात सांभाळतो, आजीचा नाही. ती वात वळत्येय, तिची बोटं १/६० ला पुसट होणारच. आरतीत टाळ वाजवणारे हात तर त्याहून जोरात. हात थोडे पुसट आले तर मला चालतात, चेहरा स्थिर हवा. दर ओळीनंतर लोक क्षणभर थबकतात, त्या जागा हेरून दाबा.

पुढेमागे पैसे झाले तर ३५ मिमी एफ १.८ लेन्स बघा. ५.६ च्या तुलनेत जवळजवळ दहा पट उजेड. जिथे ६४०० लागत होता तिथे ६००-८०० मध्ये भागतं. एक खबरदारी : डी५६०० मध्ये फोकसची मोटर कॅमेऱ्यात नाही. म्हणून लेन्सच्या नावात एएफ-एस किंवा एएफ-पी पाहूनच घ्या. नुसती एएफ असलेली जुनी लेन्स स्वस्तात मिळते, बसतेही, पण फोकस हाताने फिरवावा लागतो. हे मला घरी आल्यावर कळलं होतं.

चष्मिश

मी मोबाइलने काढते. नाइट मोड. तुमच्या सगळ्या पंचवीस हजारी भानगडींपेक्षा स्वच्छ येतात.

आडदांड_आडनाव

येतातच. मोबाइल एका फोटोऐवजी भराभर अनेक फोटो काढून त्यांची सरासरी काढतो. चार फोटोंची सरासरी घेतली की दाणे निम्मे, सोळांची घेतली की पाव. बिट्सभाऊंच्या खळ्यातला पाऊस जास्त वेळ पाडण्यासारखंच. पण समोरचं हललं की त्याची पंचाईत होते. ओवाळणाऱ्या हाताला कधी सहा बोटं येतात, कधी निरांजन अर्धंच.

नुसत्या मूर्तीचा फोटो हवा असेल तर कॅमेऱ्यानेही हेच करता येतं. स्टुलावर पक्का ठेवा, सोळा फोटो काढा, संगणकावर थर लावून सरासरी घ्या. ट्रायपॉड असेल तर सरासरीचीही गरज नाही. आयएसओ १००, शटर सरळ एक-दोन सेकंद, टायमर लावून हात बाजूला. मूर्ती काही हलत नाही.

माटवीखालचा

हे सगळं फ्लॅशशिवाय झालं. फ्लॅश वापरूच नये का? काकू म्हणतात फ्लॅशशिवाय फोटो काढल्यासारखं वाटतच नाही.

उजेडवाला काका

काकूंना माझा नमस्कार सांगा. फ्लॅश वाईट नाही. कपाळाच्या उंचीवरून समोरून मारलेला फ्लॅश वाईट. हा प्रतिसाद लांबणार, चहा घेऊन बसा.

तुमच्या कॅमेऱ्यावरच्या छोट्या फ्लॅशचा गाइड नंबर (ताकदीचा आकडा) १२ आहे. त्याला अॅपर्चरने भागा : १२ भागिले ५.६, म्हणजे साधारण २ मीटर. आयएसओ १०० ला पूर्ण ताकदीने त्याची पोच तेवढीच. दुप्पट अंतरावर उजेड निम्मा नाही, पाव होतो. म्हणून पुढचा गणपती भाजतो आणि मागचे नातेवाईक विहिरीत. तुम्ही फ्लॅश लावताना आयएसओ १०० ठेवला होता ना? पैजेवर सांगतो.

आता आयएसओ ८०० करा. त्याच फ्लॅशची पोच ६ मीटरवर जाते. शिवाय खोलीतल्या ट्यूबचा उजेडही फोटोत उमटायला लागतो. एम वर एफ ४, शटर १/३०, आयएसओ ८०० ठेवलंत तर तुमची खोली फ्लॅशशिवाय जेमतेम एक पायरी काळोखी, म्हणजे निम्म्या उजेडाची येईल. उरलेलं फ्लॅशने भरायचं. फ्लॅशचं बटण दाबून धरा, सोबत अधिक-उण्याचं बटण दाबा, चाक फिरवून उणे १ किंवा उणे १.३ वर आणा. अधिक-उण्याचं बटण एकटं दाबलंत तर भलतंच काहीतरी बदलतं. निम्मे लोक तिथेच फसतात.

१/३० ला सगळं हलेल अशी भीती वाटेल. पण फ्लॅशची लखलख सेकंदाच्या अगदी लहानशा अंशापुरती असते. चेहरा त्यात गोठतो. उरलेल्या वेळात निरांजनाची ज्योत फिरत असते, तिची पिवळी रेघ उमटते. मेनूत रिअर कर्टन म्हणून पर्याय आहे, तो घ्या. फ्लॅश शटर मिटताना पडतो आणि रेघ हाताच्या मागे राहते. साधा ठेवलात तर रेघ हाताच्या पुढे धावते, ओवाळणं उलटं चाललंय असं दिसतं.

फ्लॅश लावताना शटरला वर मर्यादा १/२०० ची. त्यापुढे पडदा पूर्ण उघडतच नाही. छोटा फ्लॅश असेल तर कॅमेरा स्वतःच अडवतो. पण बाहेरून लावलेल्या साध्या फ्लॅशला कोणी अडवत नाही आणि फोटोच्या कडेला काळा पट्टा येतो. एका साखरपुड्यात माझ्या अख्ख्या पंगतीवर तो पट्टा होता. त्या घरच्यांनी विचारलं, खांब होता का तिथे? मी हो म्हणालो.

फुगडी

=))) काका!

नुस्तेंशीत

गोव्याहून. बाहेरचा फ्लॅश छताकडे वळवून मारा असं सगळे सांगतात. आमच्याकडे वर माटोळी असते. नारळ, सुपाऱ्यांचे घड, रानफळं, सगळं लोंबतं. वरून उसळलेला उजेड त्यातून गाळून खाली येतो आणि देवाच्या तोंडावर नारळाची सावली पडते. एका वर्षी सुपारीच्या घडाने गणपतीला दाढी काढली होती. तेव्हापासून मी फ्लॅश छताकडे न मारता माझ्या मागच्या बाजूच्या भिंतीवर मारतो.

उजेडवाला काका

अगदी बरोबर. आणि कौलारू घरात तर छतच नसतं, वर काळे वासे. उजेड वर जातो तो परत येत नाही. भिंतच बरी. पण माटवीखालचा, तुमची भिंत हिरवी आहे. तिच्यावर आपटून आलेला उजेडही हिरवाच येणार.

माटवीखालचा

काका, तुम्ही आधी का नाही सांगितलंत? मामाचा रोलच्या काळातला बाहेरचा फ्लॅश आणून आज तेच केलं. आजी फोटोत शेवाळ चढल्यासारखी दिसत्येय. तिने स्वतः पाहिला आणि म्हणाली, माका काय झालाहा?

उजेडवाला काका

भिंतीवर धुतलेला पांढरा पंचा टांगा आणि त्यावर मारा. पंचा नसेल तर चादर. आजी लगेच बऱ्या होतील.

पण थांबा. मामांचा रोलच्या काळातला फ्लॅश?? तो कॅमेऱ्यातून आधी काढा. त्या काळच्या काही फ्लॅशच्या खालच्या टोकांवर दोनशेच्या वर व्होल्ट असतात. तेव्हाच्या यांत्रिक शटरला फरक पडत नव्हता. डिजिटलच्या आतलं सर्किट मात्र जाऊ शकतं. मल्टिमीटर असलेल्या कोणाकडून फ्लॅश चार्ज करून मधली टिकली आणि बाजूची पट्टी यांच्यात व्होल्ट मोजून घ्या. पाच-सहाच्या आत असतील तर बिनधास्त वापरा. नाहीतर मामांना परत.

माटवीखालचा

वायरमन शेजारीच राहतो. मोजले. १९०. फ्लॅश सन्मानाने मामाकडे परत. कॅमेरा शाबूत आहे, आजीने देवाला नारळ ठेवला.

चष्मिश

मोबाइलला नारळ ठेवावा लागत नाही एवढंच सांगते.

आंबोलीचा_पाऊस

कोणी एलईडीबद्दल बोललंच नाही. रात्रीच्या फुगड्यांचे फोटो मी १/५०० ला काढले आणि प्रत्येकावर आडवे काळपट पट्टे आले. कॅमेरा दुरुस्तीला टाकायच्या बेतात होतो.

बिट्स_आणि_भाकरी

कॅमेरा ठणठणीत आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी आणि जुन्या चोकच्या ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. १/५०० ला शटरची फट सेन्सरवरून सरकत जाते, तेव्हा अर्ध्या वाटेत दिवा मंद होतो. तो झाला पट्टा. १/१०० किंवा १/५० ठेवलं की प्रत्येक भागाला पूर्ण लुकलुक मिळते, पट्टे जातात. रंग बदलणाऱ्या माळांचा ताल मात्र वेगळाच असू शकतो, तिथे दोनचार आकडे फिरवून पाहा. १/५० ला फुगडी पुसट येणार. तिथे काकांचा रिअर कर्टन.

माळांची आणखी एक खोड. निळा आणि लाल एलईडी एकाच रंगात सगळा उजेड ओततो. हिस्टोग्राममधला (फोटोतल्या उजेडाच्या आलेखातला) पांढरा डोंगर व्यवस्थित दिसतो, पण लाल-हिरवा-निळा वेगळा दाखवणारा आलेख उघडलात तर निळा उजव्या भिंतीला चिकटलेला सापडतो. मखराचं मखमल त्यामुळेच सपाट निळ्या ऑइलपेंटसारखं येतं. माटवीला टांगलेली कवंडळंही अशीच लाल गोळे होतात. तिथे आयएसओ एक पायरी कमी, आणि रॉ.

माटवीखालचा

रॉ काढला तर दाणे घालवायला काय वापरता?

आडदांड_आडनाव

डार्कटेबल फुकट आहे. त्यात कॅमेऱ्यानुसार दाणे काढण्याची सोय आहे. पैसे भरत असाल तर लाइटरूममध्ये २०२३ पासून एआयवालं डिनॉइज आलंय, ते रॉवर खरंच चांगलं चालतं. पण हात आवरा. रंगीत डाग पूर्ण घालवा, बारीक करडे दाणे थोडे राहू द्या. सगळे घासलेत की शाडूची मूर्ती मेणाची दिसते आणि आजीच्या सुरकुत्या गायब होतात. शिवाय मोबाइलवर पाठवलेल्या फोटोत कोणाला दाणे दिसतच नाहीत. ते तुम्हाला एकट्यालाच दिसतात, १०० टक्के मोठं करून.

उजेडवाला काका

वर एक राहिलं. ट्यूब बंद करून समई, निरांजन आणि पिवळे बल्ब एवढ्यावर काढायचा विचार असेल तर फ्लॅशच्या तोंडावर पिवळट नारिंगी जिलेटिनचा कागद लावा. आकाशकंदिलाचा उरलेला असतो तो. नाहीतर चेहरे निळसर आणि मागची खोली केशरी, एकाच फोटोत दोन ऋतू. ट्यूब चालू असेल तर कागद नको, फ्लॅश आणि ट्यूबचा रंग बराचसा जुळतो.

माटवीखालचा

ट्यूब बंद करून आजीचा एक काढला. समईच्या उजेडात, एफ ३.५, १/३०, आयएसओ ६४००. फ्लॅश नाही. दाणे भरपूर आहेत. पण वातीची ज्योत तिच्या चष्म्यात दोन्हीकडे दिसत्येय आणि हातातली वात अर्धवट वळलेली. घरात सगळ्यांना हाच आवडला. एकानेही दाण्यांबद्दल विचारलं नाही.

आता शेवटची अडचण. आरतीला ट्यूब बंद करतो म्हटलं तर आमच्या घरचे काका तयार नाहीत. म्हणतात, पुस्तकातली आरती दिसत नाही.

बाबल

काकांक आरती पाठ करूक सांग. अजून म्हयनो आसा.